वेबसाइटवरून थेट हव्या त्या टॅबवर: गूगल शीटची लिंक देताना

आमच्या सोसायटीचा सगळा हिशोब एका गूगल शीटमध्ये आहे. खाली दहा-बारा टॅब: मेंटेनन्स, टँकर, लिफ्ट, पार्किंग, सिंकिंग फंड, थकबाकी. खजिनदारकी माझ्याकडे आली तेव्हा सोसायटीच्या छोट्याशा वेबसाइटवर मी एक ओळ टाकली, ‘या महिन्याचे टँकर इथे पाहा’, आणि शीटची लिंक चिकटवली. संध्याकाळपर्यंत चार फोन आले. “ताई, टँकर कुठे आहेत? इथे तर मेंटेनन्स दिसतोय.” मी दिलेली लिंक फाइलची होती, टँकरच्या टॅबची नव्हती. फाइल उघडली की पहिला टॅब समोर यायचा. मोबाइलवर खालची पट्टी सरकवत टॅब शोधणं आमच्याकडच्या सत्तरीच्या मंडळींना जमण्यासारखं नव्हतं, आणि त्यांनी ते का करावं?

नेमक्या टॅबची लिंक देणं हे दोन मिनिटांचं काम आहे. पण त्यातली एक गोष्ट मला उशिरा कळली आणि तिचा त्रास माझ्याऐवजी एका भल्या माणसाला झाला. म्हणून सविस्तर लिहिते.

एक खुलासा आधीच करते. पत्त्यातले इंग्रजी शब्द मी इथे देवनागरीत लिहिले आहेत. हाताने टाइप करायची वेळ आलीच तर ते इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करायचे. बहुतेक वेळा ती वेळ येत नाही, कॉपी करून काम भागतं.

पत्ता वाचायला शिका

कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये तुमचं शीट उघडा आणि वरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता नीट बघा. ‘स्प्रेडशीट्स’ या शब्दानंतर ‘डी’ हे एकच अक्षर येतं आणि त्यापुढे अक्षरं आणि आकड्यांची मोठी माळ. ती माळ म्हणजे तुमच्या फाइलची ओळख. त्यानंतर ‘एडिट’ असतं आणि शेवटी असं काहीतरी:

एडिट?जीआयडी=०#जीआयडी=०

हा जीआयडी म्हणजे टॅबचा नंबर. आता खाली दुसऱ्या टॅबवर क्लिक करा आणि पत्त्याकडे बघत राहा. बाकी सगळा पत्ता तसाच राहील, फक्त जीआयडीपुढचा आकडा बदलेल. नव्या फाइलमध्ये पहिल्या टॅबचा नंबर ० असतो आणि पुढे जोडलेल्या टॅबना लांबच लांब, कसलाही क्रम नसलेले आकडे मिळतात. फार जुन्या शीट्समध्ये ते ०, १, २ असे ओळीने असायचे. त्यामुळे ‘दुसरा टॅब हवा तर १ लिहा’ असा सल्ला अजून कुठे कुठे वाचायला मिळतो. तो आता चालत नाही. आकडा अंदाजाने लिहू नका, पत्त्यातून उचला.

हा नंबर टॅबच्या नावाला बांधलेला नसतो, हे आपल्या फार सोयीचं आहे. टॅबचं नाव ‘पाणी’चं ‘टँकर व पाणीपट्टी’ केलं, टॅब ओढून तिसऱ्या जागेवरून सातव्यावर नेला, तरी लिंक तुटत नाही. टॅबची नावं मराठीत ठेवली म्हणूनही काही बिघडत नाही, कारण पत्त्यात नाव जातच नाही. आमच्या एका सदस्याने याच भीतीपोटी सगळ्या टॅबना इंग्रजी नावं द्यायला लावली होती. ती मी परत मराठी केली.

लिंक कॉपी कुठून करायची

इथे जवळजवळ प्रत्येकजण एकदा चुकतो. उजवीकडे वर ‘शेअर’चं बटण असतं, त्यात ‘कॉपी लिंक’ असतं, आणि आपण सवयीने तेच दाबतो. ती लिंक फाइलची असते. तिच्या शेवटी ‘यूएसपी=शेअरिंग’ असं काहीतरी दिसतं आणि टॅबचा नंबर नसतो. माझी पहिली लिंक नेमकी अशीच होती.

बरोबर रीत अशी. आधी हव्या त्या टॅबवर जा. मग ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक करा, पूर्ण पत्ता निवडला जाईल, तो कॉपी करा. शेवटी जीआयडी आणि आकडा आहे ना, एवढं डोळ्यांनी तपासा.

तुमच्या ब्राउझरमध्ये दोन-तीन जीमेल खाती एकाच वेळी उघडी असतील तर पत्त्यात ‘यू/१’ किंवा ‘यू/२’ असा तुकडा घुसलेला असू शकतो. त्याचा अर्थ ‘माझ्या दुसऱ्या, तिसऱ्या खात्यातून उघड’ असा. समोरच्याकडे तसं खातं नसलं तर त्याची गडबड होते. तो तुकडा पुढच्या तिरप्या रेघेसकट काढून टाका. बाकी पत्त्याला धक्का लावू नका.

टॅबच नव्हे, नेमक्या ओळीवरही नेता येतं. हव्या त्या सेलवर उजवी क्लिक करा, ‘व्ह्यू मोअर सेल अ‍ॅक्शन्स’मध्ये जा, तिथे ‘गेट लिंक टू धिस सेल’ आहे. एकापेक्षा जास्त सेल निवडले असतील तर त्याच जागी ‘गेट लिंक टू धिस रेंज’ दिसतं. या लिंकच्या शेवटी जीआयडीनंतर ‘&रेंज=’ आणि सेलचा पत्ता जोडलेला असतो. पण ही लिंक जागेची असते, मजकुराची नाही. तुम्ही जूनच्या नोंदीची लिंक दिली आणि नंतर वर चार ओळी घातल्या, की लिंक त्याच जुन्या जागेवर नेईल आणि तिथे आता मे असेल. म्हणून मी सेलची लिंक फक्त अशा ठिकाणी देते जिथे नव्या नोंदी खालीच वाढत जातात. बाकी सगळीकडे टॅबची लिंक पुरते.

वेबसाइटवर लावताना

वर्डप्रेस असो, ब्लॉगर असो की गूगल साइट्स, रीत एकच. ज्या शब्दांवर लिंक द्यायची ते निवडा, कंट्रोल आणि के एकत्र दाबा, पत्ता चिकटवा, एंटर करा. ‘नव्या टॅबमध्ये उघडा’ असा पर्याय दिसला तर तो घ्या. नाहीतर शीट बघून झाल्यावर लोकांना सोसायटीच्या पानावर परत कसं यायचं ते उमगत नाही.

लिंक ज्या शब्दांवर द्याल ते शब्द नीट निवडा. ‘इथे क्लिक करा’ असं सहा वेळा लिहिलेलं पान मी पाहिलंय; कुठे क्लिक केलं की काय उघडेल ते कळायला मार्ग नाही. ‘टँकरचा हिशोब’, ‘पार्किंगची यादी’ असं थेट लिहा. त्यातून आणखी एक काम साधतं. काही फोनवर लिंक शीट्सच्या अ‍ॅपमध्ये उघडते आणि अ‍ॅप टॅबच्या नंबरकडे लक्ष न देता भलताच टॅब दाखवतं. तेव्हा माणसाला निदान टॅबचं नाव ठाऊक असतं, तो खाली शोधू शकतो. म्हणून लिंकचे शब्द आणि टॅबचं नाव मी एकच ठेवते.

एचटीएमएल हाताने लिहिणाऱ्यांसाठी दोनच सूचना. पत्ता ए टॅगच्या एचरेफमध्ये जातो, आणि त्याभोवतीची अवतरणचिन्हं सरळ हवीत. वर्डमध्ये लिहून मग चिकटवलं की ती वाकडी होतात आणि लिंक चालत नाही. असं झालं की अर्धा दिवस पत्त्यातली चूक शोधण्यात जातो आणि पत्ता बरोबरच असतो.

आता दाराची गोष्ट

लिंक लावून झाली. ती दुसऱ्याला उघडेल का? नवीन शीट मुळात फक्त तुमच्यासाठी उघडं असतं, बाकीच्यांना ‘परवानगी मागा’ असं पान दिसतं. म्हणून ‘शेअर’मध्ये जाऊन ‘जनरल अ‍ॅक्सेस’खाली ‘रिस्ट्रिक्टेड’च्या जागी ‘एनीवन विथ द लिंक’ निवडायचं आणि शेजारी ‘व्ह्यूअर’ ठेवायचं. ‘एडिटर’ चुकूनही नको. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या लिंकवर कोणीही हिशोब खोडू शकेल अशी सोय करून ठेवू नका.

मीही हे केलं. टँकरच्या टॅबची नेमकी लिंक, सगळ्यांना फक्त बघण्याची परवानगी. लिंक छान चालली. तिसऱ्या दिवशी आमच्या इमारतीतल्या एका काकांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. “अगं, मी पाण्याचा हिशोब बघायला गेलो होतो. खाली थकबाकी लिहिलेलं दिसलं, म्हणून दाबलं. माझं नाव आणि रक्कम सगळ्यांना दिसतंय का गं?”

दिसत होतं. त्या घरात पाच महिने दवाखाना चालू होता, हे कमिटीला माहीत होतं आणि कमिटीनेच त्यांना सवलत दिली होती. शेजाऱ्यांना ते माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. मी लिंक एका टॅबची दिली होती, पण दार अख्ख्या फाइलचं उघडलं होतं. गूगल शीटमध्ये बघण्याची परवानगी फाइलला असते, टॅबला नसते. जीआयडी फक्त आधी कोणतं पान समोर यावं ते सांगतो; बाकीची पानं तो झाकत नाही.

पहिला विचार येतो तो टॅब लपवायचा. उजवी क्लिक, ‘हाइड शीट’. बघणाऱ्याला टॅब दिसेनासा होतो खरा, पण त्याने फाइलची स्वतःसाठी प्रत काढली की प्रतीत लपवलेले टॅबही येतात, आणि आपल्या प्रतीत ते उघडायला त्याला कोणाला विचारावं लागत नाही. टॅबला ‘प्रोटेक्ट’ केल्यानेही वाचणं थांबत नाही, फक्त बदल थांबतात. माणसांची नावं, रक्कम, फोन नंबर यांवर पडदा टाकण्यासाठी या दोन्हींवर विसंबू नका.

खात्रीचे मार्ग दोन आहेत.

पहिला, फक्त तेवढाच टॅब प्रकाशित करणं. आधी शेअरमध्ये जाऊन फाइल पुन्हा ‘रिस्ट्रिक्टेड’ करा. मग ‘फाइल’ मेन्यूमध्ये ‘शेअर’खाली ‘पब्लिश टू वेब’ आहे, ते उघडा. पहिल्या खिडकीत ‘एन्टायर डॉक्युमेंट’ लिहिलेलं असतं. तेच ठेवून पुढे गेलात तर सगळी फाइल जगापुढे मांडाल. त्या जागी टँकरचा टॅब निवडा. शेजारी ‘वेब पेज’ असू द्या. खाली ‘पब्लिश्ड कंटेंट अँड सेटिंग्ज’ उलगडून बघा, तिथेही तोच एक टॅब निवडलेला असला पाहिजे. मग ‘पब्लिश’. जो पत्ता मिळतो तो वेगळाच असतो, फाइलची मूळ ओळख त्यात नसते, म्हणून त्यावरून मूळ फाइलपर्यंत पोचता येत नाही. शेवटी जीआयडी आणि ‘सिंगल=ट्रू’ दिसेल. हाच पत्ता वेबसाइटवर लावायचा.

या पानावर आकडे दिसतात, त्यांच्या मागची सूत्रं दिसत नाहीत, आणि कोणाला गूगल खात्याने लॉगिन करावं लागत नाही. आमच्याकडच्या मोबाइलांवर हेच सगळ्यात नीट उघडतं, कारण ते साधं वेबपान आहे. तुम्ही शीटमध्ये बदल केला की तो इथे लगेच दिसत नाही, काही मिनिटं जातात. सभेच्या ऐन वेळी आकडा दुरुस्त केलात आणि पडद्यावर जुनाच दिसला तर घाबरू नका. आपोआप बदल पोचण्यासाठी सेटिंग्जमधली ‘ऑटोमॅटिकली रिपब्लिश’ची खूण तेवढी असू द्या. त्याच चौकटीत ‘एम्बेड’ नावाचा भाग आहे; तिथला कोड वेबसाइटच्या पानात चिकटवला की तक्ता पानातच दिसतो, क्लिकही करावं लागत नाही.

दुसरा मार्ग, जाहीर माहितीसाठी वेगळी फाइल. तीत ‘इम्पोर्टरेंज’ या सूत्राने मूळ फाइलमधला तेवढाच भाग ओढून आणायचा. सूत्राला दोन गोष्टी लागतात, दोन्ही अवतरणचिन्हांत: मूळ फाइलचा पत्ता, आणि टॅबचं नाव, उद्गारचिन्ह व सेलची रेंज. पहिल्यांदा सेलमध्ये चूक दाखवणारी खूण येते. तिच्यावर माउस नेला की ‘अलाऊ अ‍ॅक्सेस’ येतं, ते एकदा दाबायचं. या नव्या फाइलला सगळ्यांसाठी बघण्याची परवानगी द्या आणि मूळ फाइल बंद ठेवा. मात्र नव्या फाइलमध्ये बदल करण्याची परवानगी कोणाला देऊ नका. एकदा जोडणी झाली की तिथला कोणीही एडिटर मूळ फाइलमधला दुसरा भागही अशाच सूत्राने ओढून आणू शकतो.

एकदोन टॅब जाहीर करायचे असतील तर पहिला मार्ग पुरतो. मला दुसराही लागला, कारण पार्किंगच्या यादीतले फोन नंबरचे कॉलम वगळून बाकीचे दाखवायचे होते, आणि अख्खा टॅब प्रकाशित करताना कॉलम निवडता येत नाहीत. काय जाहीर करायचं हे मात्र खजिनदाराने एकट्याने ठरवू नये. मी ती यादी कमिटीच्या बैठकीत ठेवली, एकेक टॅब वाचून.

लावल्यावर लगेच हे करा

स्वतःच्या ब्राउझरमध्ये लिंक उघडली म्हणजे ती सगळ्यांना उघडेल असं नाही, तुम्ही तर मालक आहात. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी (जिथे तुमचं खातं लॉगिन झालेलं नसतं) उघडा आणि वेबसाइटवर जाऊन तिथून क्लिक करा. परवानगी मागणारं पान आलं तर दार बंद आहे. उघडलं तर खालचे सगळे टॅब बघा. एखाद्या परक्या माणसाने बघू नये असं काही दिसतंय का? त्यानंतर एखाद्या शेजाऱ्याच्या फोनवर, त्यांच्यासमोर बसून उघडून बघा. काकांच्या फोनवर मी आता हे दर वेळी करते.

एप्रिल आला की

लिंक सगळ्यात जास्त बिघडतात त्या नव्या आर्थिक वर्षात. आम्ही दर एप्रिलला ‘मेक अ कॉपी’ करून नव्या वर्षाची फाइल बनवायचो. नव्या प्रतीची ओळख वेगळी, म्हणजे वेबसाइटवरच्या सगळ्या लिंक जुन्या फाइलकडेच जात राहायच्या. त्या तुटलेल्या दिसत नाहीत, चालतात, आणि गेल्या वर्षीचे आकडे दाखवतात. तुटलेल्या लिंकची तक्रार तरी येते. ही चूक कोणाच्या लक्षातच येत नाही.

आता आम्ही उलटं करतो. प्रत काढतो ती जुन्या वर्षाची. तिला ‘२०२४-२५ बंद’ असं नाव देऊन बाजूला ठेवतो, आणि चालू फाइलच रिकामी करून नव्या वर्षासाठी वापरतो. फाइल तीच, टॅब तेच, लिंकही त्याच. टॅबच्या बाबतीतही हाच नियम: महिना संपला म्हणून टॅब काढून टाकून त्याच नावाचा नवा बनवला, तर नाव तेच राहतं पण नंबर नवा येतो, आणि जुनी लिंक पहिल्या टॅबवर जाऊन पडते. ‘चालू महिना’ हा टॅब कायम ठेवा, गेल्या महिन्याची ‘डुप्लिकेट’ काढून तिला नाव द्या आणि मूळ टॅब पुसून भरा.

फाइल एक्सेलची असेल तर

बऱ्याच संस्थांकडे हिशोब एक्सेलमध्ये असतो आणि ती फाइल वेबसाइटवर चढवलेली असते. तिच्या पत्त्यापुढे हॅश (#) आणि टॅबचं नाव लावून बघितलं तर उपयोग होत नाही. पत्त्यातला हॅशनंतरचा भाग ब्राउझर स्वतःजवळ ठेवतो, सर्व्हरला पाठवत नाही. गूगल शीट ब्राउझरमध्येच उघडतं, म्हणून ते तो भाग वाचू शकतं. एक्सेलची फाइल डाउनलोड होऊन नंतर एक्सेलमध्ये उघडते, आणि तोपर्यंत हॅशचा निरोप वाटेतच राहिलेला असतो.

त्यावर एक साधा उपाय आहे. एक्सेलची फाइल सेव्ह करताना जो टॅब समोर असतो, तोच पुढच्या वेळी समोर उघडतो. म्हणून हव्या त्या टॅबवर जा, सगळ्यात वरच्या सेलवर क्लिक करा, सेव्ह करा, मग चढवा. टॅब बरेच असतील तर पहिल्या टॅबवर अनुक्रमणिका करा: सेल निवडा, कंट्रोल आणि के दाबा, ‘प्लेस इन धिस डॉक्युमेंट’ घ्या, टॅब निवडा. फाइल वनड्राइव्हवर असेल आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये उघडत असेल, तर सेल निवडून उजव्या क्लिकमध्ये ‘लिंक टू धिस रेंज’ मिळतं. परवानगीचं मात्र इथेही तेच. फाइल हातात गेली म्हणजे सगळे टॅब हातात गेले.

छापील कागद हवा असणाऱ्यांसाठी गूगल शीटमध्ये आणखी एक सोय आहे. फाइल सगळ्यांना बघण्यासाठी उघडी असेल तर टॅबच्या पत्त्यातला ‘एडिट’पासून पुढचा सगळा भाग काढून तिथे ‘एक्सपोर्ट?फॉरमॅट=पीडीएफ&जीआयडी=’ आणि त्या टॅबचा आकडा लिहा. क्लिक केलं की त्या एकाच टॅबची पीडीएफ उतरते. वेगळी जाहीर फाइल केली असेल तर ही लिंक त्या फाइलची द्यायची, आणि आकडाही तिच्यातल्या टॅबचा. आमच्याकडे तीन-चार जण ती छापून फाइलला लावतात.

लिफ्टशेजारच्या फलकावर क्यूआर कोड लावायचा असेल तर तो शीटचा लावू नका, वेबसाइटच्या पानाचा लावा. शीटचा पत्ता बदलला तर पानावरची लिंक बदलता येते, लॅमिनेट केलेला कागद बदलायला मात्र पुन्हा झेरॉक्सवाल्याकडे जावं लागतं.